ऑर्विलचा कोट

टेबलाचा चौथा पाय नीट बसत नाही.
त्याखाली मी पुठ्ठा सारते, दर रविवारी दीड वाजता,
डुलुथच्या बस डेपोमागे, हायवेच्या पुलाखाली,
जिथे सरोवरावरून येणारा वारा
आधी कान मागतो, मग बोटं.

चांदीचा प्याला नाही. थर्मास आहे,
त्यात कोमट द्राक्षरस.
कोमट, कारण उघड्यावर तो गोठतो.
रस, कारण इथल्या निम्म्यांनी वाइन सोडलीय
आणि ते सोडणं अजून चालूच आहे.
भाकर म्हणजे टोइव्होच्या बेकरीतला कालचा पाव.
मेणबत्ती आणत नाही. एकदा आणली होती.
सगळे तिच्यावर हात शेकत बसले,
प्रार्थनेकडे कुणाचं लक्ष नव्हतं.
सॉल्व्हे पाळकबाई म्हणाल्या, झाली की प्रार्थना.

भिंती नसल्या की उपासनेत काहीही शिरतं:
कचऱ्याची गाडी, शिव्या,
बटन नावाची एक कुत्री,
जी 'आमेन'च्या आधी पावापाशी पोचते.
वर्ना आपली ढकलगाडी सोडून पुढे येत नाही;
भाकर तिच्याकडे न्यावी लागते.
मीही तशीच उभी असायचे, तीन हिवाळे,
त्या खांबाला पाठ लावून.
मला देव नको होता. सूप हवं होतं.
आधी सूप मिळालं, हे मी विसरलेली नाही.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी
हिवाळ्यात गेलेल्यांची नावं वाचतात.
पाळकबाईंनी कागद हातमोज्यात घट्ट धरला.
लेनार्ड टुओमी.
आम्ही म्हणालो, आठवण आहे.
डेल्फीन, आडनाव माहीत नाही.
आठवण आहे.
ऑर्विल हॅगस्ट्रम.
आणि मागून कुणीतरी म्हणालं,
"हजर!"

वळून बघतो तर ऑर्विल.
दाढी केलेला, त्यामुळे आणखीच मेलेला वाटणारा.
"कितव्या दिवशी उठलास रे, तिसऱ्या?" कुणीतरी ओरडलं.
"सोळाव्या," तो म्हणाला,
"नशामुक्ती केंद्रात होतो, तिथे उशिरा सोडतात."
वर्ना इतकी हसली
की तिच्या हातून गाडी सुटली.
ती चार पावलं उतारावर गेली, मी धावत जाऊन धरली.

मग पाळकबाई हळूच म्हणाल्या,
पण ऑर्विल, कोट तुझा होता.
खिशात तुझं दवाखान्याचं कार्ड होतं.

ऑर्विलने खाली पाहिलं, अंगावरच्या
कुणाच्यातरी गुलाबी जाकिटाकडे.
"मालगाड्यांच्या रुळांपाशी दिला एका पोराला.
दात वाजत होते त्याचे.
नाव नाही विचारलं.
तसे दात वाजत असताना
कोण विचारतं?"

वर पुलावरून ट्रक गेला, मग आणखी एक.
पाळकबाईंनी पेन काढलं. शाई गोठलेली.
त्या ते तोंडाशी धरून फुंकर घालत राहिल्या,
खोडायचं तर होतं,
पण त्याजागी काय लिहायचं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

ऑर्विलने त्यांचं पेन खाली केलं.
"राहू दे," म्हणाला, "कोट दिलाच होता,
नावही घालू दे त्याला.
त्याचं सापडलं की माझं परत करा."

मग बाईंनी पुन्हा वाचलं, ऑर्विल हॅगस्ट्रम,
आणि आम्ही म्हणालो, आठवण आहे.
ऑर्विलही म्हणाला. सगळ्यांत मोठ्यानं,
आणि त्याचा आवाज मधेच फाटला.

थर्मास रिकामा झाला.
ऑर्विलने आपला पाव अर्धा मोडला,
अर्धा त्या खांबापाशी बर्फावर ठेवला,
आणि कुणी काही बोलायच्या आत
बटनने तो खाल्ला.
कुणी तिला हाकललं नाही.

मी टेबल मिटलं.
पुठ्ठा ओला झाला होता.
पुढच्या रविवारी नवा आणायला हवा.