कातरण

चाळीस वर्षं सुई माझ्या हातात,
आणि आता सुईच मला विचारते,
कोणतं बोट?

डाव्या हाताची तर्जनी कधीच दगड झाली.
टोचून टोचून तिला रक्त आठवत नाही.
म्हणून करंगळी. सकाळी, बिनसाखरेच्या चहाआधी,
एक थेंब. मशीन पाच आकडे उलटे मोजतं.
एकशे शहाऐंशी.

मग उरते ती पट्टी.
पेराएवढी, पांढरी,
टोकाला वाळलेली तपकिरी रेघ.
तिचं काम संपलं, माझे वीस रुपये संपले.
ती टाकायची कुठे, हे मोर्शीच्या डॉक्टरनं सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
शिलाई मशीनखाली कातरणाचा ढीग होता.
टाकली.

अशा किती टाकल्या कोण जाणे.
लोकांच्या कंबरा मोजणारा माणूस मी,
फेकलेलं कशाला मोजतो?

कातरण दर महिन्याला पंचफुला नेते.
परकरांचे काठ, शाळेच्या गणवेशाचे निळे तुकडे,
कुण्या नवरीच्या ब्लाउजचं उरलेलं जरीचं टोक.
हिवाळ्यात अर्धं गाव तिच्या वाकळीखाली झोपतं.

पोळा झाल्यावर ती आली. पदराला गाठ होती.
माझ्या टेबलावर सोडली.
पंधरा-सोळा पट्ट्या, दोन बारक्या सुया.
"टेलर, हे काय होय बाप्पा?
मले वाटलं नव्या तऱ्हेचे हूक होय.
एक सुई तं वाकळीतच शिवल्या गेली.
पोराच्या पाठीले टोचली तवा समजलं."

अंगठा तिनं दाखवला नाही. मला दिसला.
चिंधी गुंडाळली होती,
गणवेशाची. निळी.

"माझं रक्त होय ते," एवढंच मला बोलता आलं.
"मंग तुमचं तुम्ही ठेवा," ती म्हणाली,
आणि कातरण न घेताच गेली.

चुलीत एक टाकून पाहिली.
बायको म्हणे, भाकरीले वास लागला.
परसात पुरल्या, कोंबड्यांनी उकरल्या.
घंटागाडी येते, पण ती नाल्यावरच रिती होते,
तिथे तर आमच्याच बकऱ्या चरतात.

शेवटी बाटली. संत्रा सरबताची, जाड प्लास्टिकची.
संत्र्याच्या मुलखात राहून
जे आत होतं ते मला बंद होतं;
आता माझंच गोड तिच्यात भरतो आहे.

भरली तेव्हा मांडीवर घेऊन एसटीत बसलो.
शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "दवा होय का?"
म्हटलं, "नाही, हिशेब होय."

आरोग्य केंद्रात रहाटे होता.
त्याच्याकडे लाल पिशवी, पांढरा डबा आणि रजिस्टर.
"हे सरकारी सुयांचं आहे, काका.
घरच्या सुयांचा रकानाच नाही."
मी उभाच राहिलो. गिऱ्हाईक घेराच्या मापावर अडून बसतं, तसा.
पंखा फिरत होता. एक लेकरू रडत होतं.
मग तो म्हणाला, "पट्टी आहे का?"
मी बाटली पुढे केली.
"ती नाही हो. आखायची."
माझ्या खिशात टेप होता, खडू होता,
सरळ काही नव्हतं.
त्यानं गोळ्यांच्या खोक्याची कड धरली
आणि पेनानं रेघ ओढली. थोडी वाकडी आली.
मी शिंपी असून बोललो नाही.

पंचफुलेला आणि तिच्या पोराला
दोनदा नेऊन आणलं तपासणीला.
काही निघालं नाही.
तिनं भाड्याचे पैसे देऊ दिले, उपकार मानले नाहीत.

आता ती परत कातरण नेते.
आदल्या रात्री मी ढीग खाटेवर ओततो
आणि एकेक तुकडा चाचपतो, बल्बाखाली.
दगडाच्या बोटाला काही कळत नाही,
म्हणून करंगळीनं.
सकाळची टोचलेली, अजून हुळहुळी.