त्या ओळीपाशी

माझं नाव लिसानेवर्क. आमच्या भाषेत, सोन्याची जीभ.
आईनं ठेवलं; आणि मी ते बेचाळीस वर्षं
या गोल चर्चच्या आत घासूनपुसून लखलखीत ठेवलं.

पहाटे तीनला, डोंगरावर गवतसुद्धा गारठलेलं असताना
मी उभा राहतो काठीवर हनुवटी टेकून.
पांढऱ्या शाली, मेणबत्त्यांचा धूर, ढोलाचा घुमारा,
आणि गीझ, ती जुनी भाषा, जी गावात कुणी बोलत नाही.
देवाला कळते म्हणतात. मला अर्धीच.
अर्ध्यावरच माझं भागत आलं होतं.

पोरांना शिकवायचो, श्वास कुठे तोडायचा,
कुठल्या अक्षरावर गुडघा वाकवायचा.
मन कुठे वाकवायचं, ते कुणी विचारलं नाही.
मीही त्यासाठी वाट वाकडी केली नाही.

आता खेचराचं सांगतो.
अकरा वर्षांपूर्वी देम्सियेनं माझं खेचर नेलं,
बाजारात तेफची पोती पोचवायला,
आणि ते दरीत गेलं. पोत्यांसकट.
निम्मी किंमत त्यानं दोन सुगींत फेडली.
उरलेली मी कधी मागितली नाही.
गाव म्हणालं, केवढं मन!
मी कधी मागितली नाही,
आणि कधी विसरलोही नाही.

प्रार्थनेत ऋणं सोडण्याची ती एक ओळ येते ना,
तिथे मी आवाज असा काही उंच चढवायचो
की शब्द खालीच राहायचे.
नदी उतरणारा माणूस कपडे डोक्यावर धरतो
तसा मी माझा हिशेब वर धरून
ती ओळ ओलांडायचो. कोरडा.

यंदाच्या मोठ्या उपासात, चाळिसाव्या दिवशी,
पोटात काही नव्हतं. बहुधा म्हणूनच
आवाज चढला नाही.
ओळ आली आणि समोर थांबली,
न बोलावता आलेल्या पाहुणीसारखी,
जिला या, बसा म्हणावंच लागतं.

दारातून पाहिलं. मेणबत्तीचा उजेड संपतो तिथे
भिंतीला कपाळ लावून देम्सिये उभा होता.
आमच्यात, ज्याला आपण आत येण्याजोगे नाही असं वाटतं
तो बाहेरच थांबतो, दगडाचं चुंबन घेतो, परततो.
अकरा वर्षं तो बाहेर आहे.
मला वाटायचं, असेल त्याचं काही पाप.
आत्ता कळलं: आत मी गातो ना.

हातातली झांज खाली ठेवली.
पोरं दचकली. ढोलवाला चुकला.
मी त्यांच्यामधून बाहेर आलो, अनवाणी,
दंवात, जुनिपरच्या झाडांखाली.

निघालो तेव्हा माझ्याजवळ क्षमा होती,
ताटात वाढून न्यावी तशी, दोन्ही हातांत.
त्याच्याजवळ पोचेतो ताट रिकामं.
सोन्याच्या जिभेला वाक्य जुळेना.
शेवटी बोललो ते भलतंच:
"ते खेचर आधीपासूनच लंगडत होतं, देम्सिये.
मागचा डावा पाय. मला ठाऊक होतं.
तू दोर हातात घेतलास तेव्हाच ठाऊक होतं."

हे मी देवालाही सांगितलं नव्हतं.
रोज पहाटे त्याच्यापुढे उभा,
आणि नेमकं हेच नव्हतं सांगितलं.

देम्सिये काही बोलला नाही.
वारा होता. त्याच्या शालीला मेंढ्यांचा वास होता.
तो रागावला की रडला, अंधारात दिसलं नाही;
त्यानं फेडलेली ती निम्मी किंमत
आता मला परत द्यावी लागेल,
तेवढं मात्र दिसलं. स्वच्छ.

आत पोरांनी माझ्याविना ओळ उचलली,
बेसूर, श्वास नको तिथे तोडत.
गीझमध्येच. आणि मला पूर्ण कळली.

मी भिंतीला कपाळ लावलं. दगड गार.
तोंडात शब्द नाही, एकही.
शेजारी देम्सियेनं आपली काठी
थोडी बाजूला सरकवली.