तोंडात धरलेला आकडा

सांगली, मार्केट यार्ड, मगदूम आडतीची माडी.
पंखा बंद ठेवलाय,
चालू केला की हळदीची पूड उडून कीबोर्डात बसते.
आठ दिवस झाले,
मी दोघींची ओळख करून देतेय.

एक खिडकी, मीच बनवलेली.
वर दुकानाचं नाव, खाली हिरवं बटण : वजन घ्या.
दाबलं की जरासं आत जातं, परत वर येतं,
खरं असल्यासारखं.

दुसरी स्क्रिप्ट, एकशे बारा ओळींची.
तिला चेहरा नाही.
काळ्या टर्मिनलमध्ये एकटी चालवली
तर खालच्या काट्याशी केबलमधून बोलते
आणि सांगते : पन्नास किलो, चारशे वीस ग्रॅम.
चोख.

एकेकटीचं बरं चाललेलं असतं.
जोडून दिलं की
खिडकी नुसतं चक्र फिरवत बसते
आणि स्क्रिप्ट
(जिवंत असते, यादीत नाव दिसतं तिचं)
हूं नाही की चूं नाही.

"म्याडम, आलं का वर?"
खालून दस्तगीर.
"नाही."
"मग उतरू पोतं?"
"उतरा."
थोड्या वेळानं, "परत चढवा."
"चढवतो की. पोत्याला काय, माझ्या पाठीला इचारा."

काल रात्री वैतागून सगळं बंद केलं,
तर जाता जाता
तिनं दिवसभराची वजनं एका दमात सांगून टाकली.
मिरजेच्या दवाखान्यात आत्यानं असंच केलं होतं,
कुणाकडं किती येणं, कुठल्या डब्यात काय,
शेवटच्या अर्ध्या तासात.
मी तेव्हाही नीट ऐकलं नव्हतं.

बाबगोंडा दिवाणजी गादीवर, मांडीवर वही.
मला म्हणाले, "आमच्या काळात सौदा रुमालाखाली व्हायचा.
वर दोन माणसं पावसापाण्याचं बोलत्यात,
खाली बोटं भाव ठरवत्यात.
तुझ्या ह्या दोघींच्या हातावर रुमाल हाय का?"
म्हटलं, "आहे. त्याला पाइप म्हणतात."
"मग बोट कोण दाबंना झालंय?"

आणि बेरजेला लागले.
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
"किती झाले?" मी विचारलं.
त्यांनी बोट वर केलं : थांब.
पान संपलं, तेव्हाच तोंडातून आकडा निघाला.

मी त्यांच्याकडं बघतच राहिले.

तीही बोलत होती.
पहिल्या दिवसापासून बोलत होती,
फक्त तोंडात धरून.
पान भरायची वाट बघत,
आणि तिचं पान आठ हजार अक्षरांचं.
माझी वजनं दहा-दहा अक्षरांची.
मी प्रत्येक पोत्यानंतर कान लावायचे,
आणि तिला वाटायचं, एवढ्याशासाठी काय हाक मारायची.

एक शब्द घातला, ओळीच्या शेवटी.
अर्थ एवढाच की
झालं की लगेच बोल, साठवू नकोस.
(हे कुणाला तरी सांगायचं राहिलंय
असं वाटलं. नाव आठवलं नाही,
किंवा आठवलं.)

पोती मोजताना दिवाणजी पहिल्याला एक म्हणत नाहीत,
लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन.
म्हणून जोडणी झाली की स्क्रिप्टनं पहिला शब्द
तोच पाठवावा असं मी लिहिलं.

बटण दाबलं.
चक्र थांबलं.
लाभच्या जागी खिडकीत
डोक्यावर तिरक्या टोप्या घातलेली परकी अक्षरं उमटली,
एकापाठोपाठ, नऊ-दहा.

दिवाणजींनी चष्मा वर केला. "हे काय लिवलंय?"
"लाभच आहे. एकीला दुसरीची लिपी अजून कळत नाही."
"कळंल. आकडा आला न्हवं?"

खाली बघितलं. आला होता.
पन्नास, चारशे वीस.

"म्याडम, आलं का?"
"आलं!"
"आँ?"
"आलं, आलं, आलं!"
"एकदाच म्हना," दस्तगीर म्हणाला,
"आधीच तीन पोत्यांचं ऐकल्यागत झालं,"
आणि काट्यावर दुसरं ठेवलं.