दुसऱ्या गेटापाशी

फॉर्म मंथनचा होता, शाळेनं दिलेला, इंग्रजीत.
वहिनी म्हणाली, वन्सं, तुम्हीच भरा.
दुसरं रेल्वे गेट पडलेलं, गाडी अजून लांब,
स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून
मी खुणा करत गेले.

हाक मारली तर वळतो का? कधी कधी.
कुकरच्या शिट्टीला कान झाकतो का? नेहमी.
कपड्याच्या आतलं लेबल टोचतं का?

इथं पेन थांबलं.
माझ्या प्रत्येक ब्लाउजला मानेमागं
कातरीनं पाडलेलं एक भोक आहे.

पुढचे सात प्रश्न मी कुणाचे भरले
मलाच कळलं नाही.
गेट उघडलं, मागचे हॉर्न वाजवत राहिले.

एकोणपन्नास वर्षं मी हट्टी होते, शिष्ट होते,
वडगावच्या मावशीच्या भाषेत
‘जरा तशीच’.
उचगावची माणसं बघायला आली तेव्हा
मी त्यांना बसच्या वेळा सांगितल्या.
सगळ्या. तुरमुरी, बाची, पार शिनोळीपर्यंतच्या.
पोहे निवले.

खडेबाजारात, दुकानाच्या गल्ल्यावर,
गिऱ्हाईक हसलं की मनात दोन मोजून हसायचं
हे मी शिकले कन्नड शिकले तसंच:
पाट्यांवरून, एकेक अक्षर,
आधी तोंडातल्या तोंडात,
चुकलं तर लोक बघतील म्हणून.
रात्री घरी आले की
दोन्ही भाषा नको व्हायच्या.

कॉलेज रोडच्या डॉक्टरांनी विचारलं, पेशंट कुठाय?
भिंतीवर जिराफ होते.
मोठ्यांचं इथं होत नाही, पुण्याला बघा,
नाहीतर बेंगळुरू.
आणि आता कळून करणार काय?

दर एक नोव्हेंबरला
दंडाला काळी फीत बांधून जाणारा माझा भाऊ म्हणाला,
कागद नाही, शिक्का नाही,
कशावरून तू तशी?
मी त्याच्या दंडाकडं बघत राहिले.

चूकही असेल माझी.
शब्द मंथनचा आहे, मी उसना आणलाय,
दुधाच्या वाटीसारखा.
परत करायला दोनदा निघाले,
उंबऱ्यापाशी हात सुटेना.

काल पुन्हा गेट पडलं. मंथन मागं बसलेला.
मालगाडी आली आणि आम्ही कान झाकले,
आधी कुणी, माहीत नाही.
बोटांच्या फटीतून डबे मोजले.
त्याचे एकोणचाळीस. माझे चाळीस.
इंजिन धरायचं की नाही
ह्यावर घरापर्यंत भांडलो.