सातच्या पोटातली रेघ

एकशे अठरा जर्नलं तांडेलनं टेबलावर आणून ठेवली.
तपकिरी कव्हरांना अजून दुकानाचा वास.
"सर, बाकी सगळं झालंय. तुमची सही तेवढी."
मुलं सकाळी सातपासून वाशीच्या क्लासला असतात,
इथे फी भरतात,
आणि फेब्रुवारीत एकदा येऊन विचारतात
ब्युरेटची तोटी कुठल्या बाजूला फिरवायची.

पुतणीनं एकदा विचारलं होतं, पर्यवेक्षक म्हणजे काय रे काका?
जो बघतो तो, मी म्हटलं.
आणि बघून?
बघून मग सही करतो.

कोपरखैरण्यात संध्याकाळी रबाळ्याकडून वारा फिरला
की प्रयोगशाळेला आणि रस्त्याला एकच वास येतो,
मग कुठली खिडकी लावायची ते कळत नाही.
मी पहिलं जर्नल उघडलं.
ऑक्झॅलिक आम्ल, परमँगनेट. तीन वाचनं, तिन्ही सारखी:
नऊ पॉइंट सात.
दुसऱ्यात तेच. तिसऱ्यातला मुलगा तर
जूनपासून कोट्याला आहे,
त्याच्याही फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग
अर्धा मिनिट टिकून राहिलेला.

विसाव्या की एकविसाव्या जर्नलवर मला तो सात दिसला.
इंग्रजी सात, पोटात बारीक आडवी रेघ.

ही रेघ मला माहीत होती.
हर्षला मढवी, तासिका तत्त्वावर, घणसोली गावातून चालत येते.
मीच विचारलं होतं तिला, पेपर तपासताना, ही रेघ कशाला?
"सातचा एक वाटू नये, सर.
सहा मार्कांत कुणाचं तरी वर्ष जातं."

"नव्वद रुपये एका जर्नलचे," तांडेल म्हणाला, मी न विचारता,
"आकृत्यांसकट एकशेवीस. सगळ्यांना माहितीय."
सगळ्यांना म्हणजे?
तो खडूच्या डब्याचं झाकण लावत बसला.

नियम मला पाठ आहेत. मीच टाइप केलेत,
लॅमिनेट करून स्टाफरूममध्ये लावलेत, व्यावसायिक नीतिमत्ता, बारा मुद्दे,
कडेला छोटी समई छापून.
प्रकरण समितीपुढे न्यायचं, यात काही शंका नव्हती.
'श्रीमती मढवी यांनी' इथपर्यंत लिहून झालं
आणि शाई सांडली.
दुसरा कागद काढायला खालचा ड्रॉवर ओढला.

तिचं बिल.
सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. एकूण तास सत्त्याहत्तर,
दोन्ही सातांच्या पोटात रेघ.
टाचणीभोवती गंजाचा डाग,
वर माझ्याच अक्षरात पिवळी चिठ्ठी:
त्रुटी. वेळापत्रकाची प्रत जोडलेली नाही.
हे तिला कळवायचं राहिलं.

राहिलं. किती सोयीचं क्रियापद,
कर्त्यावाचून चालतं.
आमच्या फायलींत सगळं राहतं,
कुणी ठेवत नाही.

वेळापत्रक माझ्या पाठीमागच्या भिंतीवर होतं.
झेरॉक्स काढायला दोन रुपये आणि चार मिनिटं लागली.
बिलावर सही केली, तारीख आजची घातली,
मागची घालावीशी वाटली होती, क्षणभर,
कुणी पाहिलंही नसतं.
मग मघाचा अर्ज पुन्हा लिहायला घेतला,
आता 'श्रीमती मढवी यांनी' च्या आधी
एक वाक्य माझं यायला हवं होतं
आणि ते काही केल्या नीट बसेना.

"तांडेल, मढवींना उद्या अकराला बोलवा.
आधी अकाउंटला बिल पोचवा, मग बोलवा.
आणि समोर खुर्ची ठेवा, उभ्यानं बोलणं नको."

सव्वासहाला प्राचार्य केळुसकरांचा फोन.
झाल्या का सह्या? उद्या बोर्डाचा माणूस यायचाय.
"नाही झाल्या, मॅडम."
का, काय करताय इतका वेळ?
"बघतोय."
पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज,
आणि इकडे मी, हातात बाविसावं जर्नल.