ग्रँड

शब्दकोशात होता तेव्हा हा शब्द
झुंबराखाली राहायचा,
संगमरवरी जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर.
भव्य. दिमाखदार. थोर.
एवढंच पाठ करून मी रॉसकॉमनला आले,
आणि पहिल्याच सकाळी
मॅलकी टिअरनन यांनी
मी करपवलेल्या टोस्टकडे बघून
तो उच्चारला.

ग्रँड.

मला वाटलं, टोमणा आहे.
दुसरा भाजते म्हटलं, तर हात आडवा:
नको, ग्रँड आहे.
म्हणजे खाण्याजोगा.
म्हणजे, बाई,
ह्या टोस्टचा विषय आपण आता संपवू या.

चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, एक काठी, एक बहिरं मांजर,
आठवड्याचे चौदा तास माझ्या वाट्याला आलेले.
पाऊस आडवा येऊन काचेवर आपटायचा
आणि पोस्टमन दारात टोपी पिळत म्हणायचा,
ग्रँड, मऊ दिवस आहे.
मॅलकी आतून: मऊच.
दुकानात डिंफ्ना सुटे देताना ग्रँड,
सुटे नसले तरी ग्रँड, उद्या दे.
मेकॅनिकनं माझ्या गाडीचे ब्रेक बघितले,
हात पुसले, म्हणाला, होईल ग्रँड,
आणि मी तीन आठवडे बसनं गेले.

आपल्याकडे 'बरं' असतं ना, तसंच काहीसं.
बरं म्हणत ऐकायचं, बरं म्हणत उठायचं,
आणि ताप असला तरी, बरं आहे.
पण 'बरं'चा जन्मच मुळी ओसरीवरचा.
ह्यानं मात्र महाल सोडला,
चिखलाचे बूट घातले,
आणि का, ते कुणाला सांगितलं नाही.

एकदाच तो मला जुन्या पोशाखात दिसला.
धाकट्या भावाला, जार्लथला, पुरून आले त्या संध्याकाळी.
मी खाली बसून त्यांचे बूट सोडत होते.
बॉइलपासून माणसं आली, म्हणाले,
पार रस्त्यापर्यंत रांग,
आणि सँडविचेस शेवटपर्यंत पुरली.
ग्रँड झालं सगळं. ग्रँड.
लेसची गाठ भिजून घट्ट झाली होती.
ती सुटेपर्यंत आम्ही दोघंही
गाठीकडेच बघत राहिलो.

रविवारी पर्थहून ओरनचा फोन यायचा.
एका रविवारी फोन उजव्या कानाला
आणि डावं मनगट गोठवलेल्या वाटाण्यांच्या पिशवीत,
मागच्या पायरीवरून पडले होते सकाळीच.
मी? मी ग्रँड. तू?
तिकडूनही तेच आलं असणार.
एकमेकांना एकेक ग्रँड देऊन
बापलेकांनी फोन ठेवला.
मग बराच वेळ मांजराच्या पाठीवर हात फिरवत बसले
आणि म्हणाले,
ह्या पोराचं काहीतरी बिनसलंय.

तेव्हापासून मीही कान देऊ लागले.
शब्द येण्याआधी किती थांबले.
बोलताना चमचा कपात फिरतोय का.
मांजराला शिवी दिली का आज.
माझ्या वहीत तापमान, गोळ्या, जेवण,
आणि समासात, पेन्सिलीनं,
कुठला ग्रँड.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
चमचा बशीतच राहिला.
म्हणाले ते ग्रँडच,
पण आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून,
जणू वेळ विचारली होती मी.
मी गाडी बोलावली.
कशाला उगीच, म्हणाले, आणि कोट मागितला.

स्लायगोच्या रुग्णालयात, पडद्याआड,
ब्रोना नावाची नर्स कागद घेऊन आली.
शून्य ते दहा, मॅलकी,
किती दुखतंय सांग.
ग्रँड, म्हणाले.

मी तोंड उघडणार,
तोवर तिनं सात लिहून टाकला होता.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
माझे वडील पण असलेच.

त्यांनी मान वळवून, चष्मा नसताना,
डोळे बारीक करून तो आकडा वाचला.
सात, म्हणाले.
थोडा विचार केला.
सात ग्रँड आहे.