रकाना नऊ

विडी घरकुलात पोचेपर्यंत साडेअकरा.
स्कूटीची सीट तव्यासारखी.
पाचव्या दिवशी पाणी आलं होतं, म्हणून दारात
हंडे, बादल्या, पिंप,
चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवलेलं.
नरसव्वा बोद्दुल उंबऱ्याशी,
मांडीवर सूप, सुपात ओला पत्ता,
कात्री चालूच.
"बस की मॅडम. हातातला कट्टा होऊ दे."

फॉर्म बालसंगोपनाचा. ही तिसरी भेट.
एक ते आठ रकाने सरळ जातात.
बालिका हरिणी, वय नऊ, इयत्ता चौथी.
आई भिवंडीला गेली, पुढचा पत्ता नाही.
सांभाळणारी व्यक्ती : आजी.
उत्पन्न : हजार विड्यांचे जे येतात ते,
त्यातून छाट वजा.
छाट म्हणजे कारखान्यानं नापास केलेल्या विड्या.
पहिल्या भेटीत मला वाटलं होतं
हा कुणी छाट नावाचा सावकार आहे,
आणि तसं लिहूनही टाकलं होतं.
ती अजून हसते त्यावर.

रकाना नऊ.
बालकास धोका कोणापासून?

कात्री थांबली.
पलीकडच्या गल्लीतला माग थांबला नाही,
खटक खटक टॉवेल विणत राहिला.
"ना कोडुके," ती म्हणाली.
मग मराठीत, माझ्यासाठी,
"माझाच मुलगा."
मग बऱ्याच वेळानं,
"नाव नको लिहू. नाव मी ठेवलंय त्याचं."

प्रश्न मोकळा विचारावा, मान हलवावी,
समोरचा गप्प झाला की आपणही गप्प बसावं,
हे आम्हाला शिकवलेलं आहे.
मुलाची आई आणि त्याच्याविरुद्धची साक्षीदार
एका बाईनं एकाच सहीत कसं व्हायचं,
हे कुठल्या प्रशिक्षणात नव्हतं.
मी लिहिलं : वडील.
तेवढंच.
साहेब फॉर्म परत पाठवतील. पाठवू देत.

हरिणीनं पाणी आणलं, तांब्यावर फुलपात्र पालथं घालून,
मोठ्या बाईसारखं.
तिचं दप्तर लोखंडी कपाटाच्या माथ्यावर,
मागचं बाबानं विकलं तेव्हापासून.
इतकं वर, की तिचाही हात पोचत नाही.
रोज सकाळी स्टूल.

सहीच्या जागी अंगठा.
बँकेच्या मशीननं दोनदा नाकारलेला,
चाळीस वर्षं पत्ता वळून गुळगुळीत झालेला.
शाईत बुडवून टेकवला
तर कागदावर नुसता जांभळा डाग,
रेघ एकही नाही.
"मशीन म्हणतं ही बाईच नाही," नरसव्वा म्हणाली,
"मग रात्री पोरीच्या अंगावर चादर कोण ओढतंय, विचार त्याला."
मी डोळ्यांची पडताळणी, हयातीचा दाखला,
मंगळवारी माझ्याबरोबर बँकेत, असं काय काय सांगत राहिले.
ती हं हं करत
दोऱ्याचा गुंता सोडवत होती.

निघताना दिसलं :
खिडकीच्या फळीवर, गजांच्या आतल्या बाजूला,
छाटीतल्या दोन विड्या,
वाऱ्यानं जाऊ नयेत म्हणून वर काड्यापेटी.
शेजारी ताटलीखाली झाकलेली भाकरी,
कडक, घडी घालून गजातून जाईल अशी नव्हे,
म्हणून तुकडे केलेली.

मी बघताना तिनं मला बघितलं.
दाराला नवी कडी आहे,
गेल्या महिन्यात मीच मागे लागून बसवून घेतलेली.
तिनं त्या कडीवर हात ठेवला.
"दार नाही उघडत मी," म्हणाली.
"पोरीची शप्पथ. दार कधीच नाही."

ऑफिसात संध्याकाळी अहवाल पुरा केला.
घराची सुरक्षितता :
दार भक्कम, कडी आतून, रात्री बंद असते.

खिडकीला रकाना नव्हता.